जेवणाआधीची गोळी

८ जुलै, मंगळवार

पॅथॉलॉजी लॅबवाल्यांनी जानेवारीत दिलेली ही डायरी सहा महिने फ्रीजवर धूळ खात पडली होती. आज काढली. आज जे झालं ते घरात सांगता येत नाही, आणि कुठंच नाही सांगितलं तर डोकं फुटेल.

सकाळची खामगाव–जालना गाडी माझ्या ड्यूटीला. सतरा वर्षं कंडक्टरकी करते आहे. अमडापूर सोडलं आणि पोटात कळ आली. गाडीत पंचावन्न माणसं, त्यातली पंधरा उभी. दात आवळून, दांडा धरून चिखलीपर्यंत तिकिटं फाडली. चिखलीला संडासापुढे बायकांची रांग. मी रांग मोडून आत घुसले. मागून एक बाई ओरडली, "गणवेश घातला म्हणून दादागिरी करून राह्यली का वं?" तिला काय सांगू?

एप्रिलमध्ये मला शुगर निघाली. डॉ. सपकाळांनी पांढरी मोठी गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ. तेव्हापासून हे चालू आहे. सपकाळ चांगले डॉक्टर आहेत असं सगळं खामगाव म्हणतं. असतील. पण पुरुष माणूस, दार अर्धं उघडं, बाहेर बाकावर बसलेल्यांना आतलं सगळं ऐकू येतं. "काही त्रास?" म्हणून विचारतात. मी "नाही" म्हणते. की पुढच्याचं नाव पुकारतात.

१० जुलै, गुरुवार

मोठी गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही. पाकिटातून रोज दोन काढते आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकते, कारण पूनमचे बाबा रात्री पाकीट हातात घेऊन बघतात. ते कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर आहेत. मशीन असो की बायको, वेळच्या वेळी तेल घातलं की चालते, असा त्यांचा हिशेब.

१९ जुलै, शनिवार

पोट शांत. नऊ दिवस माणसासारखी जगते आहे.

इंद्रभान भाऊंना मात्र नवीन खूळ लागलं आहे. माझ्या गाडीचे ड्रायव्हर. गेल्या आठवड्यापासून जाताना-येताना उंद्रीला गाडी लावतात आणि टायर बघत बसतात. तेही स्टँडवर नाही, थोडं पुढे, एका हॉटेलासमोर. त्या हॉटेलवाल्या बाईनं मागच्या बाजूला बायकांसाठी स्वच्छ संडास बांधला आहे. "बाई, तुम्ही पाय मोकळे करून या, मी टायर पाह्यतो." टायर दोन महिन्यांपूर्वीच बदललेले. मी म्हटलं, "भाऊ, उशीर होऊन राह्यला. लोक मले बोलतात." तर म्हणाले, "बोलू द्या, मी म्हातारा झालो म्हणा." मार्चमध्ये रिटायर होणार. वय झालं की माणूस शंकेखोर होतो. गाडी उशिरा येते ती मात्र माझ्या कागदावर.

२ ऑगस्ट, शनिवार

रिपोर्ट वाईट. तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा नऊ पॉइंट सहा.

"गोळ्या नियमित?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"दोन्ही वेळा?"

"हो."

"पथ्य?"

"हो ना साहेब."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मग एवढी वाढायला नको होती. आणखी एक देतो. छोटी आहे. सकाळी, जेवणाआधी." आणि काहीतरी आणखी म्हणाले, पण ते म्हणता म्हणताच त्यांनी बेल दाबली, दारात एक आजोबा काठी टेकत आले, आणि मी उठले.

घरी येताना राग राग झाला. एवढं शिकलेला माणूस, मी मोठी गोळी घेत नाही हे याला तोंडाकडे पाहून कळू नये?

४ ऑगस्ट, सोमवार

छोटी गोळी बरी आहे, पोटाला काही करत नाही. आज श्रावण सोमवार. जेवणाआधी म्हणून सांगितलं आहे, सोमवारी जेवण संध्याकाळी. सकाळी घेतली तर जेवणाआधीच झाली ना.

येताना देऊळगाव राजाच्या पुढे काय झालं कोण जाणे. घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि एका कॉलेजच्या मुलीवर मी अशी खेकसले की अख्खी गाडी गप्प झाली. तिचा पास तिच्या हातातच होता. मला तो दिसला होता आणि दिसलाही नव्हता. मागच्या सीटवरच्या आजीनं शेगावचा पेढा पुढे केला. उपास होता, पण प्रसादाला नाही कसं म्हणायचं. दहा मिनिटांत डोकं थंड. प्रसादाचाच गुण. फक्त पेढा खाल्ला हे डॉक्टरांना कळता कामा नये.

१२ ऑगस्ट, मंगळवार

काल पुन्हा तसंच. दुपारी मशीनवर चिखलीच्या जागी जालना दाबलं, दोनदा. घरी पूनमवर ओरडले, कारण तिनं कुकरची शिट्टी काढून ठेवली होती. ती म्हणाली, "आई, तू सोमवारी वेगळीच असतेस." मी म्हटलं, "उपास तू करून पाह्य, मग बोल."

चाळिशी उलटली की बायकांचं असंच होतं म्हणतात.

१८ ऑगस्ट, सोमवार

घरचे झोपले, आता लिहिते.

परतीची गाडी. दुपारचे दोन वाजले असतील. चिखली सोडल्यापासून कानात पाणी गेल्यासारखं होत होतं. उंद्रीला माणसं उतरली. एक म्हातारी मागच्या पायरीवर होती. ती काहीतरी म्हणत होती. तिचे ओठ हलताना मला दिसले. मग गाडी हलली, आणि पायरीवर ती नव्हती.

लोकांनी आरडाओरडा केला. इंद्रभान भाऊंनी ब्रेक मारला. ती रस्त्याच्या कडेला पडली होती, उजवा हात अंगाखाली दबलेला. मी खाली उतरले, आणि मग मीच मटकन बसले. कोणीतरी म्हणालं, "हिले काय झालं आता? नाटक करते का बे!" हॉटेलवाल्या बाईनं माझ्या तोंडाला चहाचा ग्लास लावला. गोड, अगदी पाक. तो प्याल्यावर डोळ्यांपुढचं सगळं पुन्हा जागेवर आलं. तोवर इंद्रभान भाऊ म्हातारीला उचलून दवाखान्यात घेऊन गेले होते.

मनगट मोडलं आहे. चांगुणाबाई नाव. उंद्रीच्याच.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आगारात जबाब झाला. साहेबांनी एकच प्रश्न तीनदा विचारला, "तुम्ही एक घंटा दिली की दोन?"

एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. सतरा वर्षांत माझा हात कधी चुकला नाही. मला खरंच आठवत नाही. मी लिहिलं: "एक घंटा दिल्याचे स्मरते."

सही करून बाहेर आले तेव्हा कळलं की त्या वाक्याचा अर्थ काय होतो. एक घंटा असताना गाडी हलली, म्हणजे चूक ड्रायव्हरची. इंद्रभान भाऊ बाकावर बसले होते. त्यांनी विचारलं, "तब्येत कशी हाये बाई?" मी "बरी" म्हटलं आणि निघाले.

मी खोटं लिहिलेलं नाही. आठवत नाही म्हणजे आठवत नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

चौकशी होईपर्यंत दोघांनाही गाडी नाही. भाऊंना नोटीस गेली. रिटायर व्हायला सात महिने राहिलेत.

घरी बसवेना म्हणून चांगुणाबाईला बघायला गेले. शिव्या खायची तयारी ठेवून गेले होते. ती खाटेवर, हात प्लास्टरमध्ये. सुनेला म्हणाली, "बाईले चहा टाक." मग मला म्हणाली, "तू मले पाहून राह्यली होती वं. मी म्हटलं थांब, माही पिशवी राह्यली. पण तुहे डोये कसे, रिकामे होते. मग टण टण वाजली."

"दोनदा वाजली?" मी विचारलं.

"हाव. मी काय बहिरी हाओ का?"

चहा अर्धाच टाकून उठले. येताना वाटेत मनाशी भांडत आले. म्हातारी माणसं, पडण्याच्या भीतीत काय ऐकलं असेल काय नाही. पण ती खोटं कशाला बोलेल? तिचा हात मोडला आहे आणि ती मला चहा पाजते आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवते.

आगारानं डॉक्टरांचा दाखला मागितला म्हणून सपकाळांकडे गेले. पूनमचे बाबाही आले होते, त्यांना बाहेरच बसवलं. डॉक्टरांनी बोटातून रक्त घेऊन साखर बघितली. दोनशे साठ. जेवून गेले होते.

"दोन्ही गोळ्या चालू असून एवढी?" म्हणाले. "मग आता इन्शुलिन सुरू करू. आजच."

आईला, अन्नपूर्णाबाईला, सुई लागली आणि सहा महिन्यांत ती गेली. तिचे पाय आधीच काळे पडले होते हे मला माहीत आहे, पण मनाला कोण समजावणार. मी पर्स उघडली. आतला कप्पा टेबलावर उलटा केला. सगळ्या पांढऱ्या गोळ्या. दोन-चार घरंगळून त्यांच्या पेनापाशी गेल्या.

डॉक्टरांनी त्यातली एक उचलून उलटसुलट बघितली.

"कधीपासून?"

"दहा जुलै."

"का?"

मी म्हटलं, "दार लावा, मग सांगते."

ते स्वतः उठले आणि दार लावलं. मग मी सगळं सांगितलं. चालत्या गाडीत पोट कसं होतं, चिखलीची रांग, कमरेला स्वेटर बांधून केलेली एक फेरी. सांगताना लाजेपेक्षा राग जास्त आला. त्यांनी मध्ये तोडलं नाही. बाहेर कोणीतरी दार वाजवलं, तर "थांबा" म्हणून ओरडले.

मग विचारलं, "अपघाताच्या दिवशी सकाळपासून काय काय केलं, सांगा. गोळी किती वाजता, खाल्लं काय?"

"छोटी गोळी सहाला. खाल्लं काही नाही. सोमवार होता."

"साबुदाणा, केळं?"

"मी कडक करते. संध्याकाळपर्यंत पाणी."

"घाम? हात कापले? चिडचिड?"

हे यांना कोणी सांगितलं?

"गोड चहा प्याल्यावर बरं वाटलं?"

"हो. आधी एकदा पेढ्यानं पण."

त्यांनी चष्मा काढला. "कोकिळाताई, तुमचं डोकं फिरलं नव्हतं. साखर खाली गेली होती. ही छोटी गोळी पोटात अन्न असो नसो, साखर उतरवत राहते. घेतल्यावर खायचंच असतं. मी सांगितलं होतं."

तिथं माझा तोल गेला. "कधी सांगितलं? तुम्ही बेल दाबत होते! 'जेवणाआधी' एवढंच कागदावर आहे. माझं जेवण सोमवारी रात्री सातला असतं. एका म्हातारीचा हात मोडला साहेब. एका माणसाची नोकरी चालली. अन् तुम्ही म्हणता सांगितलं होतं!"

वाटलं आता हाकलून देतील. ते म्हणाले, "उपास करता का, हे मी विचारलं नाही. खरं आहे. ती माझी चूक. पण तुम्ही मला तीनदा 'हो' म्हणालात. त्या 'हो'वर मी दुसरी गोळी चढवली."

मग मीच उठून दार उघडलं. पूनमच्या बाबांना आत बोलावलं. त्यांनी टेबलावरच्या गोळ्या पाहिल्या. "मी रोज पाकीट पाहत होतो," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी कोरा कागद घेतला आणि माझी ड्यूटी लिहून मागितली. किती वाजता उठता, पहिला घास कधी, संडास कुठं कुठं आहे, पाणी किती पिता. पाणी मी पीतच नाही ड्यूटीवर, लघवीला जावं लागतं म्हणून. तेही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी डॉक्टर माझी गाडी कुठं थांबते ते लिहून घेत होता.

मग एकेक पर्याय त्यांनी मांडला. एक गोळी लघवीवाटे साखर बाहेर काढते, हृदयाला, किडनीला चांगली. मी म्हटलं, "लघवी वाढेल ना? मार्चमध्येच जळजळ होऊन अँटिबायोटिक घेतलं मी." त्यांनी त्यावर काट मारली. आठवड्याला एक सुई येते, भूक कमी करते, पण सुरुवातीला मळमळ आणि पोट बिघडायची शक्यता. मीच हात आडवा केला. रात्रीचं इन्शुलिन, आकडा जास्त आहे, त्यांच्या मते तेच सगळ्यात पक्कं. मी आईचं सांगितलं. ते म्हणाले, "आईला सुई उशिरा लागली, म्हणून गेल्या. सुईनं नाही गेल्या. पण आज तुमच्यावर लादत नाही."

शेवटी ठरलं ते असं. छोटी गोळी आजपासून बंद. तिच्या जागी एक दुसरी, जी साखर वाढली तरच काम करते, म्हणून उपाशीपोटी खड्ड्यात घालत नाही. आणि मोठी गोळी परत, पण निम्मी आणि पोटात हळूहळू विरघळणारी, फक्त रात्रीच्या जेवणावर. "पोट बिघडलं तर तिसऱ्या दिवशी फोन करा. पर्समध्ये टाकायची नाही. अन् हे जरा हळू उतरेल. तीन महिन्यांनी आठच्या आत नाही आलं, तर सुईचं पुन्हा बोलू. चालेल?"

"चालेल?" हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी "विचार करून सांगते" म्हटलं, दोन मिनिटं खरंच विचार केला, मग म्हटलं, "चालेल."

सोमवारचं फराळाचं करायचं कबूल केलं. देवाला चालत नसेल तर तो बघून घेईल.

२४ ऑगस्ट, रविवार

दाखल्यावर डॉक्टरांनी साखर उतरल्याचं लिहून दिलं आहे. हा कागद दिला तर कदाचित मला गाडीवरून कायमचं खाली उतरवतील. नाही दिला तर जबाब आहे तसा राहतो, एक घंटा.

पूनमचे बाबा म्हणाले, "तू ठरव. मी काही बोलत नाही." दिवसभर खरंच काही बोलले नाहीत. त्याचाच जास्त राग आला.

२५ ऑगस्ट, सोमवार

दुसरा जबाब दिला. "दोन घंटा मीच दिल्या. त्या वेळी माझी साखर उतरलेली होती. चालकाची चूक नाही." खाली दाखला जोडला. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "पहिल्या वेळी असं का नाही लिहिलं?"

"भीती वाटली," म्हटलं. दुसरं कारण सापडेना.

इंद्रभान भाऊंच्या घरी गेले. ते अंगणात खुर्चीला सुतळी विणत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पहिला जबाबही. ते विणत राहिले. मग म्हणाले, "घंटी मी आयकली होती बाई. दोन. साहेबाले नाई सांगितलं. म्हटलं, पाहू, बाई स्वतः सांगते का." एक गाठ मारून म्हणाले, "नसतं सांगितलं तर सांगावं लागलं असतं. पोराबाळांचं पाह्यलंच पाह्यजे ना."

मला वाटलं होतं ते माफ केलं म्हणतील. तसं काही म्हणाले नाहीत. त्यांची बायको पाणी घेऊन आली. मी पूर्ण तांब्या प्याले.

९ सप्टेंबर, मंगळवार

भाऊंची नोटीस मागे घेतली. ते गाडीवर रुजू झाले. मला लेखी ताकीद, आणि तीन महिने आगारातच, चौकशीच्या खिडकीवर. "जालना गाडी किती वाजता?" दिवसातून दोनशे वेळा. गाडी समोरून जाते आणि मी खिडकीत.

नवीन गोळीला पोट तक्रार करत नाही. पहिले चार दिवस थोडं झालं, मी खरंच फोन केला. डॉक्टरांनीच उचलला. चिडचिड अजून आहे, पण आता तिला कारण तरी आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आठ पॉइंट एक.

तीन महिने एक पेढा नाही, रोज संध्याकाळी पायी फेरी, आणि आठ पॉइंट एक. रिपोर्ट फाडावासा वाटला. डॉक्टर म्हणाले, "नऊ सहावरून आली, छान आहे." मी म्हटलं, "तुम्ही आठच्या आत म्हटलं होतं." हसले. "मी म्हटलं होतं. आता तुम्ही काय म्हणता?"

मी घरून ठरवूनच गेले होते. आणखी तीन महिने हेच औषध, मात्र रात्रीची भाकरी एकच, आणि घरी मोजायचं यंत्र. फेब्रुवारीतही आकडा असाच अडला तर सुई घेईन, आणि तेव्हा मला धीर द्यायचा नाही, सरळ शिकवायची. त्यांनी हे कागदावर लिहिलं आणि माझ्याकडून वाचून घेतलं.

११ डिसेंबर, गुरुवार

आज पहिल्यांदा गाडीवर. नवीन ड्रायव्हर, तरणा माणूस, घाईचा. इंद्रभान भाऊंना मेहकरची गाडी दिली आहे.

परतीला चिखलीला एक वाजला. मी त्याला म्हटलं, "सात मिनिटं थांब, मला जेवायचं आहे." तो म्हणाला, "बाई, खामगावले जाऊन जेवा ना." मी सीटवर बसून डबा उघडला. मागून एक माणूस ओरडला, "ओ मॅडम, गाडी काऊन नाई सुटून राह्यली?"

पूर्वी मी डबा बंद केला असता. आज उभी राहिले आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हटलं, "मले शुगर हाये. गोळी घेतो, वेळेवर खा लागते. जेवल्याशिवाय घंटा नाई."

काही जण हसले. तो माणूस पुटपुटत घड्याळ बघत बसला. तिसऱ्या सीटवरच्या बाईनं पदराखालून पिशवी काढली, त्यातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि हळूच विचारलं, "पाणी हाये का वं तुह्याजवळ? माह्या बी गोळीची येळ टळून राह्यली. मी म्हटलं, घरी जाऊन घेऊ."

"काही खाल्लं का?"

"नाई."

अर्धी भाकरी आणि वांग्याची भाजी तिच्या हातावर दिली. दोघी जेवलो. तिनं गोळी घेतली, मी दोन्ही दारं बघून आले, घंटा दिली. नऊ मिनिटं उशीर झाला.

आगारात कागद भरताना उशिराच्या कारणाचा रकाना आला. टायर, फाटक, वाहतूक, काहीही लिहिता आलं असतं. मी लिहिलं: "वाहकाचे जेवण." आणि खाली सही केली.